होमच्या मागची जागा

तातेराव सरांनी आणखी एक चिंचोका उचलला, फुंकून पुसला आणि शाळेच्या ओसरीवर खडूने काढलेल्या चौकोनाच्या तिसऱ्या कोपऱ्यावर ठेवला.

"ही तिसऱ्या बेसवर. तिच्या मागचे दोन्ही बेस मोकळे. टोला बसला, ही होमकडं, या चौथ्या कोपऱ्याकडं सुटली. चेंडू कॅचरच्या हातात येऊन पोचला आणि ही अजून चार पावलं लांब. कॅचर काय करील? सत्यशीला, तू सांग."

सत्यशीला उकिडवीच पुढे सरकली. तिने चिंचोक्याकडे नीट पाहून घेतलं.

"कोण पळतंय, सर?"

मुली फिसकन हसल्या. हा प्रश्न ती दर वेळी विचारी आणि दर वेळी हसू होई.

"कुणी का पळंना! चिंचोका आहे तो."

"मंग चेंडू तिच्या अंगाला लावायचा. मागून रेटणारी कुणी न्हाई. नुस्ता बेसवर पाय देऊन ती बाद होत न्हाई."

"बराबर!" सरांनी मांडीवर थाप मारली. "ओसरीवर सगळं बराबर. मैदानात गेल्यावर काय होतं गं तुला?"

सत्यशीलाने चिंचोका उचलून डब्यात टाकला.

तातेराव मूळचे तीर्थपुरीचे. औरंगाबादला शिबिराला गेले होते, तिथून सॉफ्टबॉल घेऊन आले. मंठ्याच्या मुलींना तोवर खेळ म्हणून लंगडी आणि फुगडी एवढंच ठाऊक. सरांचा जीव मात्र खेळापेक्षा खेळातल्या डोक्यावर. चेंडू येण्याआधी ठरवा. कोण कुठं उभं आहे ते बघा. काय होईल ते ताडा. मगच हात हलवा. हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं की मुली ते प्रार्थनेच्या चालीवर म्हणत, आणि सरांना वाटे, पाठ झालं म्हणजे कळलं. शिकवणाऱ्या माणसाचा असा गैरसमज नसेल तर त्याने शिकवावं तरी कशाच्या बळावर?

बॅटी अण्णासाहेबांनी दिलेल्या. ते शाळासमितीचे अध्यक्ष, म्हणून त्यांची बेबीनंदा संघात, असं गाव म्हणे. गावाचा हिशेब अर्धाच खरा होता. बेबीनंदा बॅटींशिवायही संघात आली असती, असे तिचे पाय होते. आणि सत्यशीला ही अण्णासाहेबांच्या सालगड्याची, भिवाची मुलगी. बौद्धवाड्यातून ती सगळ्यांच्या आधी मैदानावर येई. बाकीच्या पोरी "बेबे" म्हणत, ही "बेबीताई" म्हणे. मैदानात ताई-माई नको म्हणून सरांनी दोनदा दटावलं, मग नाद सोडला.

सत्यशीलाच्या हातातून चेंडू सहसा सुटत नसे. खोट एकच. बेबीनंदा होमकडे धावत आली की ही चेंडू घेऊन होमच्या फळीवर पाय देई आणि खांबासारखी उभी राही. बेबीनंदा शेजारून निघून जाई.

सरांच्या मते ती भीती होती. दिवाळीनंतर एकदा सत्यशीलाने बेबीनंदाच्या खांद्याला चेंडू लावला होता, नियमाप्रमाणे. बेबीनंदा तोल जाऊन पडली आणि हसतच उठली.

"मेले गं! आता आमची आजी डोक्यावरून न्हायला लावती, एवढ्या थंडीत."

तेव्हा सगळे हसले होते, सरसुद्धा. त्याच आठवड्यात भिवाला गोठ्यावरून काढून लांबच्या मळ्यात राखणीला टाकलं, आणि थंडी सरेपर्यंत तो घरी निजायला आला नाही. हे सरांच्या कानावर आलं होतं. पण त्यांनी ते खेळाच्या खात्यात धरलं नव्हतं.

निवडीच्या आदल्या दिवशी मुली घरी गेल्यावर सत्यशीला ओसरीच्या खांबापाशी घोटाळत राहिली.

"सर, निवड झाली तर औरंगाबादच्या बोर्डिंगात खरंच ठेवत्यात? अकरावीला?"

"ठेवतात. राहणं, जेवण, शाळा. जागा एकच आहे, पण तुझ्यासारखे हात या बाजूला दुसरे नाहीत."

"दहावी झाली की बस म्हणून राह्यलेत बाबा. मालक म्हणले, तिला बी कामाला घाल."

"मग उद्या गडबडू नको. होमच्या मागं बसलीस की सगळं मैदान तुझ्या तोंडासमोर असतं. बाकीच्या आठजणींना आपापल्यापुरतं दिसतं, कॅचरला सगळं दिसतं. ठरवायचं तू. बघ आणि ठरव."

"बघतेच की सर," ती म्हणाली.

पाडवा आठ दिवसांवर होता आणि निवडणुकीची घाई होती. गावातला चुना भिंतींवरच्या घोषणांनी खाल्ला, म्हणून मैदानाच्या रेषा राखेच्या आखल्या. औरंगाबादहून निवडीसाठी आलेल्या बाई मधल्या बेसच्या पलीकडे खुर्चीवर बसल्या. शेजारच्या खुर्चीवर अण्णासाहेब. खुर्च्या त्यांच्याच घरच्या. त्या डोक्यावरून आणलेला भिवा मागे पाण्याची घागर घेऊन उभा. पाडव्याला त्याचं साल संपत होतं. पुढचं ठरायचं होतं.

तातेराव पाहुण्यांकडे पाठ करून होमकडे तोंड करून उभे राहिले. संघाचे दोन भाग पाडून सामना लावला होता. सत्यशीलाने पहिल्या तासाभरात दोघींना होमवर बाद केलं. दोन्ही वेळा चेंडू अंगाला, हलकेच, भाकरी उलटवावी तसा. बाई पुढे झुकून बघायला लागल्या.

मग बेबीनंदा तिसऱ्या बेसवर आली. मागचे दोन्ही बेस मोकळे. हुबेहूब ओसरीवरचा डाव. टोला साधाच बसला, चेंडू सरपटत मधल्या मुलीच्या हाती गेला. अशा चेंडूवर शहाणी पोर बेस सोडत नाही. बेबीनंदाने सोडला. फेक होमवर अचूक आली. सत्यशीलाच्या हातात चेंडू, आणि बेबीनंदा अजून चार पावलं लांब.

"लाव!" सर ओरडले. "सत्यशीला, लाव!"

सत्यशीलाने एकदा समोर पाहिलं. बेबीनंदाकडे नव्हे, सरांकडेही नव्हे. मग तिने फळीवर पाय दिला आणि उभी राहिली. बेबीनंदा परकर सावरत तिच्या शेजारून गेली. जाताना तिने सत्यशीलाच्या वेणीला लाडाने हिसका दिला.

सामना संपल्यावर सर चेंडू उचलून होमची फळी उपटायला गेले. तिचा खिळा जमिनीत रुतला होता, म्हणून ते उकिडवे बसले आणि सहज मान वर केली.

सगळं मैदान तोंडासमोर होतं. तिन्ही बेस, राखेच्या रेषा, आणि सरळ नाकासमोर अण्णासाहेबांची खुर्ची. खुर्चीमागे भिवा. तो वाकून मालकांच्या हातावर पाणी घालत होता.

दुपारभर सरांनी या सगळ्याकडे पाठ केली होती. खिळा निघाला, तशी त्यांनी फळी बाजूला ठेवली.

"मास्तर, या इकडं!" अण्णासाहेबांनी हाक मारली.

सर गेले. हातात चेंडू तसाच होता.

"मला तर तुमची बेबीनंदा आवडली," बाई म्हणाल्या. "त्या चेंडूवर कुणी धावलं नसतं. पण हिनं कॅचरला ओळखलं होतं. याला म्हणतात खेळातलं डोकं."

"डोकं आहेच तिला," अण्णासाहेब खुशीत हसले. "पण बोर्डिंगबिर्डिंग न्हाई हो जमायचं. वैशाखात बार उडवायचाय तिचा. चार दिवस खेळली, हौस झाली."

"मग नाव कुणाचं लिहू?" बाईंनी सरांकडे पाहिलं. "त्या कॅचरचं मनात होतं माझ्या. हात काय सुरेख आहेत! पण ऐन वेळी अशी का थांबते ती? दोघींना बाद केलं तसं तिसरीला का नाही? तुम्हाला काही कारण माहीत असेल तर सांगा. मी विचार करीन."

भिवा खाली घातलेली मान वर न करता पेला विसळत होता. अण्णासाहेब मिशीवरून रुमाल फिरवीत सरांकडे पाहत होते. पाहण्यात धमकी नव्हती, कुतूहलही नव्हतं. पुढच्या वर्षी बॅटी लागतील तेव्हा हा मास्तर कुणाच्या दारात येणार हे ठाऊक असलेल्या माणसाचं ते स्वस्थ पाहणं होतं.

तातेरावांनी हातातला चेंडू चाचपला.

"होमवर गोंधळते, बाई," ते म्हणाले. "सांगून राह्यलोय. अजून वेळ लागेल."

"मग यंदा मंठ्याचं कुणीच नको," बाई उठत म्हणाल्या. "जालन्याची गाडी कितीला आहे?"

अण्णासाहेबांच्या खुर्च्या एकीत एक घालून भिवाने डोक्यावर घेतल्या. बेबीनंदा त्याच्या पुढे उड्या मारत घराकडे निघाली.

सत्यशीला एकटीच मैदानात राहिली होती. तिने तिन्ही बेस गोळा केले, हातमोज्यातली माती झटकली, पेटी उघडली. सर पेटीपाशी येऊन थांबले. चेंडू त्यांनी अजून टाकला नव्हता.

"बाई विचारत होत्या, तुझ्याबद्दल," ते म्हणाले. "मी त्यांना..."

सत्यशीलाने हात पुढे केला. सरांनी चेंडू दिला. तिने तो परकराच्या टोकाने पुसला, पेटीत कोपऱ्यात बसवला आणि झाकण लावलं.

"होमपाशी उभी होते ना, सर," ती म्हणाली. "तिथून सगळं दिसतं."

मग तिने पेटीची एक कडी धरली आणि सर दुसरी धरतात का, याची वाट पाहत उभी राहिली.