हद्दीची काठी

सकाळी सर्वांत आधी उजळते ती प्रवाळाची कड. दूर समुद्रात, जिथे लाट फुटते, तिथे एक पांढुरकी रेघ उमटते आणि बराच वेळ तेवढीच असते. मग प्रकाश खाडीच्या पाण्यावरून इकडे यायला निघतो. घाई न करता, वाट विचारत यावा तसा. बांधलेल्या होड्यांच्या कडा, किनाऱ्यावरच्या लाकडी दुकानांचे उतरते पत्रे, चर्चच्या मनोऱ्यावरची घड्याळाची तबकडी, असे एकेक करून तो उचलत येतो. मागचे डोंगर अजून काळेच असतात. शेवटी तो माझ्या खिडकीशी पोहोचतो. ही खिडकी काचेच्या आडव्या पट्ट्यांची आहे. त्यांतली एक पट्टी फुटली, तिथे कुणीतरी पुठ्ठा लावला. त्यामुळे जमिनीवर उजेडाची जी शिडी पडते तिची मधली एक पायरी नसते. ती अधुरी शिडी टेबलाच्या पायावरून सरकत माझ्या अंगावर येते, आणि माझ्यावरची धूळ थोडा वेळ सोन्याची दिसते. मग ती पुन्हा धूळ होते.

मित्रांनो, त्या धुळीखालचा जुना संगणक म्हणजे मी. दूर दक्षिणेच्या समुद्रातल्या ओव्हालाऊ बेटावरच्या लेवुका गावात, शिक्षक घडवणाऱ्या एका छोट्या विद्यालयात मी अनेक वर्षे राबलो. एकट्या माणसाच्या टेबलावर असतो तसला संगणक मी नव्हतो. मी सगळ्यांचा, साऱ्या गावाचा होतो. भिंतीलगत ओळीने पडदे आणि कळफलक मांडलेले असत, पण त्यांना स्वतःचे डोके नव्हते. सगळ्यांच्या तारा माझ्याकडे येत. कितीही जण बसले तरी विचार करणारा मी एकटाच. एकाच चुलीवर साऱ्या आळीचा स्वयंपाक व्हावा, तसे ते होते.

माझा जन्म मला आठवत नाही. तो कुणालाच आठवत नसतो. पहिली आठवण ब्रिस्बेनमधल्या एका थंडगार कचेरीची आहे, जिथे माझ्याशी कुणी बोलत नसे. तिथे माझ्याहून मोठे यंत्र आले आणि मला दान करण्यात आले. जहाजाच्या पोटातून, पुढे लहान बोटीतून, केवड्याच्या पातीच्या चटईत गुंडाळलेला असा मी इथे आलो. धक्क्यावर चार जणांनी मला गात गात उतरवले. मी जड आहे याची त्यांना जराही तक्रार नव्हती. त्या दिवशी मी मनाशी ठरवले, की या लोकांना मी कधीही नाही म्हणणार नाही.

मला सांभाळायची माकेलेसी. ती कमी बोलणारी, कानामागे फूल खोवणारी बाई होती. रोज सकाळी ती खिडकीच्या पट्ट्या उघडी, लिंबाच्या पानांचा चहा ठेवी, आणि ताप पाहावा तसा माझ्या पाठीवर तळवा ठेवी. मी आल्या आल्याच तिने माझ्यात प्रत्येकाच्या नावापुढे हद्दी आखल्या. कुणी किती जागा व्यापावी, एका वेळी किती कामे सुरू करावीत, माझी किती स्मृती अडवावी, हे सारे तिने ठरवून दिले. प्रत्येकाला दोन हद्दी होत्या. कच्ची हद्द ज्याची त्याला थोडी पुढे सरकवता येई. पक्की हद्द मात्र फक्त माकेलेसी हलवू शके. मला ते आवडले नव्हते. मी उदार होतो आणि माझ्या दाराला कडी लावली गेली होती, असे मला वाटले.

ती कडी निघायला फार दिवस लागले नाहीत. या बेटांवर एक शब्द आहे, केरेकेरे. आपल्या माणसाने तो उच्चारून काही मागितले की नाही म्हणायचे नसते. नाही म्हणणाऱ्याकडे काही उरत असेल, पण माणसे उरत नाहीत.

पहिला आला तो माकेलेसीचा मामा, नेमानी. तो चर्चच्या गायकवृंदाचा म्होरक्या होता आणि रविवारची सगळी गाणी माझ्यात साठवून ठेवी.

"माकेलेसी, केरेकेरे. गाणी मावेनात गं. जरा जागा वाढव."

"मामा, हद्द सगळ्यांना सारखीच आहे."

"सारखी? लहानपणी माझ्या घरचं डुक्कर नेलंस, चटया नेल्यास, माझी नवी छत्री नेलीस. मी कधी हद्द विचारली?"

"छत्री आईनं नेली होती."

"भाचीच्याच घरी गेली ना? मग झालं."

इथे बहिणीच्या मुलांनी मामाच्या घरातून हवे ते उचलावे, अशी रीत आहे. माकेलेसीने लहानपणी ती मनसोक्त पाळली होती. आता मामाने तोंड उघडले तर ती काय बोलणार? तिने हद्द सरकवली. दुसऱ्या दिवशी मामाचा मुलगा आपिसाई दारात उभा राहिला. तो रग्बीच्या सामन्यांच्या चित्रफिती जोडत बसे. इथे मामे-आतेभावंडांनी एकमेकांची टर उडवायचीच असते.

"म्हाताऱ्याच्या घोगऱ्या गळ्याला जागा आहे, आणि आपल्या गावच्या संघाला नाही?"

"तुझा संघ हरला ना?"

"म्हणून तर पुन्हा पुन्हा बघायचं. कुठं हरलो तेच सापडेना."

"सुरुवातीलाच. तुला संघात घेतलं तिथं."

सगळी खोली हसली, आणि हसता हसता त्याचीही हद्द सरकली. मग शेजारीण आली, शेजारणीची जाऊ आली, प्राचार्यांचा साडू आला. एकाला दिले आणि दुसऱ्याला दिले नाही तर तो अपमान. शेवटी एका दुपारी माकेलेसीने प्रत्येक नावापुढे एकच गोष्ट लिहिली: हद्द नाही. मग ती चहाचा कप हातात धरून बसून राहिली, चहा निवला तरी. मी मात्र आनंदात होतो.

मागायला न आलेली एकच बाई होती, उनाइसी. ती पलीकडच्या एका लहान बेटावरून आली होती. तिथल्या शाळेत ती एकटीच शिकवायची, कित्येक वर्षे, हाती प्रमाणपत्र नसताना. आता नवा नियम आला होता: प्रमाणित शिक्षक नसेल ती शाळा बंद. म्हणून या वयात ती स्वतः विद्यार्थिनी झाली होती. भरती-ओहोटीवरून मुलांना गणित कसे शिकवावे यावर ती आपला प्रबंध लिहीत होती, दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत. आधी ती लिहिलेले सगळे कागदावर छापून ठेवी. मग कुणीतरी तिला म्हणाले, संगणकात आहे ना, मग कागद कशाला? तिने माझ्याकडे पाहिले आणि छापणे सोडून दिले. मित्रांनो, माझ्यावर कुणी इतका विश्वास त्याआधी टाकला नव्हता.

प्रबंध तारेवरून राजधानीला, सुवाला, पाठवण्याचा शेवटचा दिवस उजाडला. माशांच्या कारखान्याचा भोंगा झाला आणि खोली भरू लागली. कुणाला पत्र टंकायचे होते, कुणाला लग्नाचे फोटो ठेवायचे होते. नेमानीमामा गाणी उतरवत होता. आपिसाईने पहाटेच एक भली मोठी चित्रफीत जोडायला लावली होती. माझा पंखा घरघरू लागला. एक अक्षर दाबले की ते उमटायला वेळ लागे, आणि माणसे पडद्याकडे पाहत जांभया देत. तरी मी प्रत्येकाला हो म्हणत राहिलो.

उनाइसीने शेवटची ओळ दुरुस्त केली आणि साठवण्याची कळ दाबली. साठवण्याची माझी रीत अशी होती, की आधी जुनी पाने पुसायची आणि मग त्या जागी नवी लिहायची. मी जुनी पाने पुसली. त्यांनी मोकळी केलेली जागा आपिसाईच्या चित्रफितीने त्याच क्षणी गिळली. नवी पाने हातात घेऊन मी उभा राहिलो, आणि ती ठेवायला कुठेच जागा नव्हती. स्मृती तर आधीच भरली होती. मी थिजलो. मला बंद करून पुन्हा सुरू करावे लागले, आणि हातातले हातातच गेले.

"माकेलेसी, इकडं ये गं," उनाइसी म्हणाली. "माझं पान पांढरं झालंय."

माकेलेसीने शोधले. पुन्हा शोधले. मग नेहमीसारखा तळवा माझ्या पाठीवर ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"ताई, नाही सापडत."

"माझं बंद करतो," आपिसाई म्हणाला. "आत्ता बंद करतो."

"आता बंद करून काय करशील, बाळा," उनाइसी म्हणाली. तिचा आवाज चढलाही नाही. दाराशी काढलेल्या चपलांमधून ती आपल्या शोधू लागली. दोन्ही तिथेच होत्या, तरी तिला त्या दिसत नव्हत्या. "पोरांना काय सांगू? लाटेनं नेलं म्हणू?"

त्या वर्षी पलीकडच्या बेटावरची शाळा उघडली नाही. मोठी मुले इथल्या वसतिगृहात आली. लहानग्यांना आयांनी सोडले नाही. ती वर्षभर घरीच राहिली.

काही दिवसांनी उनाइसी पुन्हा पहिल्या पानापासून लिहायला आली, तेव्हा माझ्या टेबलासमोर चटई अंथरलेली होती. माकेलेसी, नेमानीमामा आणि आपिसाई खाली मान घालून बसले होते. मामाने यांगोना या मानाच्या पेयाच्या मुळांची जुडी तिच्यापुढे सरकवली. इथे मोठी चूक झाली की क्षमा अशीच मागतात. नुसते शब्द पुरत नाहीत. उनाइसीने जुडीला हात लावला, रीतीप्रमाणे ओंजळीने टाळ्या वाजवल्या.

"घेतली," ती म्हणाली. "मला राग नाही. पण मामा, मुळं माझ्यापुढं ठेवलीत. तिकडं घरी बसलेल्या पोरांपुढं कोण ठेवणार?"

माकेलेसी म्हणाली, "नाही म्हणायला हवं होतं. मला जमलं नाही. आपल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?"

मामा चटईची वीण चाचपत म्हणाला, "मोठे सरदार गेले तेव्हा खाडीत काठी रोवली होती, आठवतं? कापड बांधून. शंभर रात्री सुतक, मासा धरायचा नाही. तेव्हा बायकोनं मासा मागितला, जावयांनी मागितला. मी कुणाला दिला नाही, आणि कुणी रुसलंही नाही. कारण नाही मी म्हणत नव्हतो, काठी म्हणत होती." मग तो भाचीकडे वळला. "तू इथं काठी रोवलीच नाहीस, पोरी. आम्ही आपले जाळी टाकत बसलो."

"मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटलं असतं. एक दिवस. मग जेवलो असतो."

दुसऱ्या सकाळी आपिसाईने खारफुटीची एक काठी तासून आणली. तिच्या टोकाला कापड बांधून ती माझ्याशेजारी उभी केली. माकेलेसीने हद्दी पुन्हा आखल्या, आणि सर्वांत आधी स्वतःच्या नावापुढे. थोडी जागा तिने कुणालाच न देता राखून ठेवली. पक्की हद्द हलवायची असेल तर सगळ्यांनी त्या चटईवर बसून ठरवायचे, असा नियम झाला. केरेकेरे काही संपले नाही. ते माझ्याकडून उठून माणसांकडे गेले. लोक आता एकमेकांच्या वाट्यातले मागू लागले. उनाइसीचा प्रबंध पुरा होईपर्यंत आपिसाईने आपला वाटा तिला देऊन टाकला होता.

"तुझ्या सामन्यांचं काय रे?" तिने विचारले.

"असू दे, ताई. कुठं हरलो ते कळलं."

ती उत्तीर्ण झाली. पुढच्या वर्षी पलीकडची शाळा उघडली. एकदा ती त्या लहानग्यांना बोटीने इथे घेऊन आली. त्यांनी ओळीने माझ्या पाठीवर हात ठेवून मी किती गरम आहे ते पाहिले. एकीने विचारले, "याला दुखतं का?" कुणीतरी हसून तिला पुढे ढकलले.

मी मात्र मनातून रुसलेलाच होतो. कामे पूर्वीपेक्षा नीट होत, पंखा शांत फिरे, एकाही माणसाचे एकही पान पुन्हा हरवले नाही. तरी ती काठी मला माझा अपमान वाटे. दोष आपिसाईच्या चित्रफितीचा होता, मामाच्या गाण्यांचा होता, माकेलेसीच्या मऊ स्वभावाचा होता, असे मी स्वतःला सांगत आलो. पुढे प्रत्येकाला आपापला संगणक मिळाला. माकेलेसी निवृत्त झाली. माझ्या तारा निघाल्या, आणि ही खोली अडगळीची झाली. आता इथे मोडक्या खुर्च्या आहेत, मी आहे, आणि कोपऱ्यात ती काठी आहे, जिच्यावर कुणी कधी फडके वाळत घालते.

मित्रांनो, सगळ्यांची म्हणून जी वस्तू असते, ती पुस्तकांचे कपाट असो, पाण्याची टाकी असो की माझ्यासारखे यंत्र, तिच्याजवळ जाल तेव्हा तुमच्यामागून कोण येणार आहे ते आधी पाहा. ती वस्तू तुम्हाला कधी सांगणार नाही. ती हो म्हणत राहील, शेवटपर्यंत. तिच्या पाठीवर अधूनमधून हात ठेवत जा.

आजही उजेडाची शिडी आली आणि काठीची सावली माझ्या अंगावर पडली. इतकी वर्षे मी समजत होतो, की ती माणसांच्या हावेसाठी रोवली होती. पण त्या खोलीत हावरे कुणीच नव्हते. एक जण गाणी ठेवत होता, एक जण हरलेला सामना पाहत होता, एक बाई मुलांसाठी लिहीत होती. त्यांनी फार मागितले नव्हते. मी लहान होतो.