अक्षदाच्या सालचा बर्फ

गोरख कामावरून घोडेगावला घरी आला की त्याच्या अंगणात माणसं जमायचीच. हा गडी पार हिमालयात जातो, यंत्रानं बर्फात खोल भोक पाडून उसाच्या कांड्यांसारखे लांब तुकडे काढतो आणि त्यांवरून साहेब लोक कुठल्या साली किती तापमान होतं ते सांगतात, याचं सगळ्यांना भारी कौतुक. या खेपेला तर तो थर्माकोलच्या खोक्यात एक उरलेला तुकडाच घेऊन आला होता.

"पांढरा थर म्हंजी थंडीचं साल," परातीतल्या तुकड्यावरून बोट फिरवत तो सांगत होता. "अन् ह्यो काचेवानी दिसतो ना, त्या साली लई ऊन. बर्फ वितळून परत गोठला."

"कुठलं साल म्हणायचं?" शेजारच्या गेणभाऊंनी विचारलं.

गोरखनं साल सांगितलं, आणि आपण काय बोलून बसलो हे त्याच्या लक्षातही आलं नाही. चहा घेऊन आलेली त्याची बायको, इंद्रायणी, मात्र जागीच थबकली. त्याच उन्हाळ्यात त्यांची तान्ही अक्षदा तापानं गेली होती. इंद्रायणी फोनवर या, या म्हणून रडत होती आणि हा सांगत होता, बर्फानं रस्ता बंद आहे, निघताच येत नाही. त्या शब्दावर विसंबून तिनं इतकी वर्षं सासर-माहेरच्या सगळ्यांशी भांडून नवऱ्याची बाजू घेतली होती.

माणसं पांगली तसं तिनं विचारलं, "रस्ता उघडा व्हता?"

गोरखनं थर्माकोलच्या खोक्याचं झाकण लावलं. मग म्हणाला, "मला बघवलं नसतं गं."

केवढा विश्वास ठेवला मी या माणसावर, या एकाच विचारानं तिचा जीव जळत होता. ती परात उचलायला वाकली. दुपारच्या उन्हात पांढरा भाग पाणी होऊन गेला होता. काचेसारखा थर तेवढा तसाच होता, वरून कोरडा. तिनं हात लावला आणि झटकन मागे घेतला. मग पुन्हा लावला, या वेळी हाताची मागची बाजू.

"हात लावा," ती म्हणाली.

त्यानं लावला. "गारच तर हाय."

इंद्रायणी त्याच्याकडे बघत राहिली. मग आत जाऊन वाटीभर पाणी आणि सुती फडकं घेऊन आली, फडक्याची घडी पिळून त्या थरावर ठेवली आणि परातीपाशी मांडी घालून बसली.

"काय करतीस?"

"ताप उतरंना," ती म्हणाली.

बघता बघता घडी कोरडी झाली. तिनं ती पुन्हा वाटीत बुडवली, आणि गोरख एक पाऊल पुढे आला तेव्हा मान वर न करता म्हणाली, "आता नका येऊ."