धुतलेली खोली

इंजिनाच्या तेलाचा डाग आधी कोरड्या भुकटीने शोषून घ्यायचा. पाणी नंतर.

फुटलेलं बेसिन दोन पोत्यांत मावतं.

"वहिनी, ती खोली माझ्या नावावर करा आणि सुटा एकदाच्या." हे माझे दीर. दर रविवारी.

स्टिकर निळा होता.

हे सगळं एकाच भांडणातलं आहे. सरळ सांगायला गेलं की राग येतो, म्हणून जमेल तसं सांगते. माझी लाँड्री आहे. तिच्यावर एक खोली, कर्ज काढून बांधलेली. तिथे मोटरसायकलचा मेकॅनिक भाड्याने राहायचा. त्याचं गॅरेज सुटलं, तशी तो खोलीतच इंजिनं खोलायला लागला. मग भाडं थांबलं. सहा महिने वाट पाहिली, शेवटी आदेश आणून बाहेर काढला. जाताना बेसिन फोडून गेला. भिंती काळ्या, फरशी तेलकट.

भाडं आणि भरपाई वसूल झाली नाही तर कर्जाचे हप्ते तुंबणार आणि कर्ज फेडायच्या नावाखाली खोली दिरांच्या घशात जाणार. म्हणून कचेरीत दावा लावला.

आणि मी काय केलं? कचेरीतून पाहणीचा माणूस यायच्या आधी खोली धुतली.

डाग दिसला की माझा हात ऐकत नाही. भिंती घासल्या, रंग दिला, नवं बेसिन बसवलं. तेवढं बेसिन मात्र धुतलं-पुसलं नाही. प्लंबर म्हणाला होता, सिमेंट सुकेपर्यंत पाणी नको.

पाहणीवाल्याने फोटो काढले. "छान आहे की खोली. नुकसान कुठंय?"

दीर पोट धरून हसले. "पुरावाच धुऊन टाकला! धन्य आहे तुमची!"

*

सुनावणी. टेबलापलीकडे अधिकारी बाई. अलीकडे मी, मेकॅनिक, आणि गंमत बघायला आलेले दीर.

"निम्म्या भाड्यावर मिटवा," बाई म्हणाल्या. "नुकसानीचं सोडा."

"नाही."

"अहो, पुरावा नाही तुमच्याकडे."

"तरी नाही."

"वहिनी, हट्ट बरा नव्हे," दीर कुजबुजले.

"भाओजी, तुम्हाला कुणी बोलावलंय?"

मेकॅनिकला चेव आला. "मॅडम, फोटो बघा ना. आरशासारखी खोली सोडलीय मी. उलट रंग मी दिला. त्याचे पैसे भाड्यातून वळते करा!"

चोर तो चोर, वर शिरजोर.

"आणि बेसिन?" मी विचारलं.

"त्याला काय झालंय? तीन वर्षं त्यातच तोंड धुतलं मी."

"ह्याच, फोटोतल्या?"

"ह्याच! शपथ घ्या म्हणा, घेतो."

"लिहून घ्या, मॅडम." मी फोटो पुढे सरकवला. बेसिनच्या आत, भोकाच्या जरा वर, कंपनीचा निळा कागदी स्टिकर. कोरा करकरीत.

बाईंनी चष्मा चढवला. फोटो बघितला, मग मेकॅनिककडे.

"तीन वर्षं?"

"मी..." मेकॅनिक म्हणाला, "जपून धुतो तोंड."

पहिले हसले ते दीर. मग आपण कुणाच्या बाजूने हसतोय हे ध्यानात आलं आणि खोकायला लागले.

"जुनं बेसिन पोत्यांत भरून खाली ठेवलंय," मी म्हटलं. "आणून टेबलावर ओतू?"

"नको, नको!" बाईंनी लिहायला घेतलं. भाडं पूर्ण. बेसिन. फरशी. रंगसुद्धा.

"हप्त्याने देईन," मेकॅनिक पुटपुटला.

"दे. पण स्वतः यायचं. माझ्या काउंटरवर, गिऱ्हाइकांसमोर."

जिन्यात दीर म्हणाले, "वहिनी, जरा जास्तच ताणलंत."

"तुमचे तीन शर्ट उन्हाळ्यापासून पडून आहेत लाँड्रीत. घेऊन जा. आणि धुलाई देऊन जा."

पहिल्यांदा खोली बघायला आला तेव्हा मेकॅनिकने बूट दाराबाहेर काढून ठेवले होते. तेवढ्यावरच मी त्याला खोली दिली होती.