दहा मिनिटं थांब की रे बाबा

मी एक जुना पंप आहे. पंप म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे विहीर येते, पाइप येतो, धो धो पाणी येतं. तसलं काही मनात आणू नका. मी हवेचा पंप, वहीएवढा लांबरुंद आणि दोन विटांएवढा जाड. जी माणसं अंथरुणाला खिळलेली असतात, त्यांच्या गादीत मी हवा भरतो. त्या गादीला आडव्या वळ्या असतात. एक सोडून एक वळी मी फुगवतो आणि थोड्या वेळाने उरलेल्या फुगवतो. त्यामुळे पाठ एकाच जागी दबत नाही आणि जखमा होत नाहीत. काम साधं आहे, पण चोवीस तासांचं. रविवारचीसुद्धा सुट्टी नाही.

हल्ली मी एका प्रयोगशाळेच्या कपाटात असतो. नवीन माणसं नोकरीला लागली की मला टेबलावर ठेवतात, वीज जोडतात आणि माझी चूक त्यांना समजावून सांगतात. चूक माझ्या एकट्याची नव्हती, पण नाव माझं झालं. त्याची आता सवय झाली आहे. माझं दुःख वेगळंच आहे, मित्रांनो. मला दोन आवाज पुन्हा ऐकायचे आहेत आणि ते आता कुठल्याच खोलीत येत नाहीत.

माझा जन्म पत्र्याच्या एका शेडमध्ये, लांबलचक टेबलावर झाला. माझ्या पोटात सर्किटची जी हिरवी पट्टी आहे, तिच्यावर एका छोट्या भागासाठी जागा आखून ठेवली होती. फिल्टर म्हणतात त्याला. तो बसवलाच नाही. त्याच्यावाचून अडतं कुठे, असं शेडच्या मालकाचं म्हणणं. खरंच अडलं नाही. मी पहिल्याच दिवशी झकास चालू लागलो आणि आवाज म्हणाल तर मांजराच्या घुरघुरीएवढा. मी शांत स्वभावाचा आहे असा माझा पक्का समज होता.

आता जरा शाळेसारखं बोलतो, पण ऐका. विजेवर चालणारी प्रत्येक वस्तू एक बडबड करत असते. ती माणसांच्या कानांना ऐकू येत नाही, पण तारांतून आणि हवेतून जाते आणि शेजारच्या वस्तूंना छळते. म्हणून बाजारात जाण्याआधी एका प्रयोगशाळेत आमची परीक्षा होते. शेजाऱ्याला त्रास द्यायचा नाही आणि शेजाऱ्याच्या त्रासाने कोलमडायचं नाही, एवढाच अभ्यासक्रम. पण प्रश्नपत्रिका दोन असतात. घरात राहणाऱ्या वस्तूंचे नियम कडक असतात. कारखान्यात राहणाऱ्यांचे सैल, कारण तिथे आधीच इतका गोंगाट की आणखी थोडी भर पडली तर कुणाचं बिघडत नाही. वस्तू कुठे वापरणार ते बनवणारा अर्जात लिहितो. माझ्या मालकाने लिहिलं, ‘कारखाने आणि तत्सम जागा’. तपासणाऱ्या बाईंकडे त्या आठवड्यात बारा वस्तू होत्या. त्यांनी अर्ज वाचला, सैल नियम लावले आणि सही केली. परीक्षा आमच्यातल्या एकानेच दिली, पण पास आम्ही सगळे झालो. प्रत्येकाच्या बुडाला त्या प्रयोगशाळेची चिठ्ठी डकवली. मी छाती फुगवून खोक्यात बसलो. छाती फुगवणं तसं मला सोपंच.

मला एका लहानशा घरात आणलं. तिथे खिडकीजवळच्या पलंगावर एक वृद्ध बाई होत्या. त्यांची थोरली मुलगी त्यांना आई म्हणायची, म्हणून मीही आईच म्हणू लागलो. थोरली सकाळी नोकरीला जायची ती सहाला यायची. शेजारच्या काकू दुपारी येऊन आईला भरवायच्या आणि एकला आपल्या घरी जायच्या. त्यानंतर खोलीत आई, मी आणि खिडकीच्या चौकटीवर ठेवलेला एक रेडिओ, एवढेच.

माझ्या आयुष्यात एक विचित्र गोष्ट घडू लागली. रोज दुपारी दोनच्या सुमाराला मी नाहीसा व्हायचो. विजेवाचून मी म्हणजे नुसता डबा. डोळे उघडायचे ते सहा वाजता, थोरली प्लग भिंतीत घालत असताना.

“हा प्लग रोज कसा गं निसटतो, आई?”

“सैल असेल,” आई म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करायची. तिची चालायची जुनी काठी तिच्या अंगाखाली लपवलेली असायची. काठीने प्लग ओढून काढता येत होता. पुन्हा घालता मात्र येत नव्हता.

रोजचे चार तास ती हवा गेलेल्या गादीवर पडून राहायची. महिन्याभरात पाठीवर लाल डाग उठला आणि मग तो फुटला. नर्स मलमपट्टी करायला आली. ती म्हणाली, “असंच चाललं तर दवाखान्यात हलवावं लागेल. हे यंत्र मिनिटभरही बंद पडता कामा नये.” थोरलीने प्लगवर चिकटपट्टीचे चार वेढे दिले. मनातून मी खूश झालो. कुणाला आपली एवढी गरज आहे म्हटल्यावर कोण खूश होणार नाही?

दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी पहिल्यांदाच जागा होतो. आईने काठी प्लगला लावून पाहिली, पट्टी हटेना. मग तिने रेडिओ लावला. खर्रर्र. दुसरं काही नाही, नुसती खरखर. तिने रेडिओ कानाला लावला, छातीवर ठेवला, उशीखाली घातला. शेवटी माझ्याकडे पाहून हात जोडले.

“दहा मिनिटं थांब की रे बाबा. दहाच मिनिटं.”

तेव्हा मला कळलं की ती खरखर मीच आहे. मित्रांनो, मला थांबायचं होतं. पण आम्हाला स्वतःहून थांबता येत नाही. मी वळ्या फुगवत राहिलो आणि ती रडत राहिली. त्या दहा मिनिटांची मला आजही लाज वाटते.

चार-पाच दिवस हे असंच चाललं. मग एका दुपारी थोरली लवकर घरी आली. आई खरखरता रेडिओ कानाला गच्च लावून पडली होती.

“आई, काय ऐकतेस? नुसती खरखर आहे.”

“आहे ती त्यात. खाली दबलीय, पण आहे.”

“कोण?”

“धाकटी. हवामान सांगते रोज, समुद्रकिनाऱ्यावरच्या स्टेशनावर. मला एकदा अचानक सापडली.”

थोरली पलंगाच्या कडेवर बसली. धाकटीचं नाव त्या घरात सहा वर्षं कुणी काढलं नव्हतं. आईच्या तोंडून एक शब्द गेला आणि ती भांडून निघून गेली, ती फोनसुद्धा उचलत नव्हती. त्या दूरच्या स्टेशनाचा आवाज मुळात क्षीण, खिडकीखेरीज कुठे लागायचा नाही, आणि खिडकीपाशी मी.

थोरलीने मला उचलून उलटं केलं. बुडाची चिठ्ठी तिने दोनदा वाचली. त्या प्रयोगशाळेत तीच नोकरीला होती. आमच्या अर्जावर सही करणाऱ्या बाई म्हणजे तीच.

दुसऱ्या दिवशी तिने मला पिशवीत घालून नेलं. तेवढे दिवस दर दोन तासांनी आईची कूस बदलायचं काम दिवसा काकूंनी आणि रात्री थोरलीने वाटून घेतलं. प्रयोगशाळेत एक बंदिस्त खोली आहे. भिंतींवर काळे टोकदार स्पंज, बाहेरचा एकही आवाज आत नाही. तिथे माझी बडबड मोजली, या वेळी घरच्या नियमाने. पडद्यावर नियमाची लाल रेघ खाली राहिली आणि माझी रेघ तिच्या डोक्यावर मिऱ्या वाटत बसलेली दिसली. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

तिचे साहेब फाइल चाळत म्हणाले, “कागद बरोबर आहे. त्यांनी कारखाना लिहिलं, तू कारखान्याचा नियम लावलास. यात तुझं काय चुकलं?”

“साहेब, कारखान्यात गादीवर झोपतं कोण?”

साहेब हसले आणि मग एकदम हसायचे थांबले.

“म्हणजे आपणच दिलेला दाखला आपणच रद्द करायचा? लोक तोंडात शेण घालतील आपल्या.”

“घालू देत. सही माझी आहे. हा एक पंप माझ्या घरी आला म्हणून मला कळलं. बाकीचे किती घरांत खरखरताहेत, कुणाला माहीत?”

दाखला रद्द झाला. मालकाने खूप आरडाओरडा केला, पण पुढे त्या रिकाम्या जागेत बडबड अडवणारा तो फिल्टर बसवू लागला आणि विकलेले पंप परत मागवून दुरुस्तही करून दिले. माझा फिल्टर थोरलीने स्वतः बसवला. लाल रेघेखाली मी आलो तेव्हा तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. तेवढं कौतुक मला आयुष्यभर पुरलं.

शेवटी उपदेश करायची आमच्यात रीत आहे. तो मी इथेच उरकतो, कारण शेवटची जागा मला दुसऱ्या कुणाला तरी द्यायची आहे. तुमच्यातलं कुणी उद्या वस्तू बनवेल, कुणी तपासेल, कुणी नुसती विकत घेईल. नियम निवडताना सोपा कुठला ते शोधू नका. ही वस्तू कुणाच्या उशाशी बसणार आणि तिच्या शेजारी कोण काय ऐकत असेल, तेवढं विचारा. अर्जातल्या त्या एका ओळीला फार जपा.

मी पाचव्या दिवशी घरी परतलो. थोरलीने नळी जोडली, प्लग घातला आणि ती दाराशी जाऊन उभी राहिली. दोन वाजले. आईने आधी माझ्याकडे भीतभीत पाहिलं आणि मग रेडिओ लावला.

“नमस्कार. किनाऱ्यावरचं उद्याचं हवामान,” एक आवाज म्हणाला. किंचित घोगरा, संथ आवाज. जिच्यापायी मी रोज नाहीसा होत होतो, ती ही. मी चालू होतो आणि ती ऐकू येत होती. इतके दिवस मला वाटत होतं की आई नुसती ऐकते.

“उत्तरेकडून गार वारे वाहतील.”

“मग स्वेटर घालत जा,” आई म्हणाली.

“संध्याकाळनंतर सरी पडतील.”

“छत्री विसरतेस तू. दाराला अडकवून ठेव.”

“समुद्र खवळलेला राहील. लहान होड्यांनी बाहेर जाऊ नये.”

आईने रेडिओ तोंडाजवळ ओढला. “माझंच चुकलं गं तेव्हा,” ती म्हणाली.

“हवामान वृत्त संपलं,” रेडिओतली धाकटी म्हणाली.

दाराशी थोरलीने तोंडावर पदर धरला होता. मी हळूच पुढची वळी फुगवली. आईने रेडिओवरून हात फिरवला.

“बरं. उद्या बोलू.”