खोटा आकडा माझा नव्हता

मित्रांनो, मी एक जुना इलेक्ट्रोड आहे, पेनाएवढा, टोकाला इवलासा स्फटिक असलेला. आणि मी भयंकर चिडलेलो आहे. आधीच सांगतो, म्हणजे नंतर कुणी नाक मुरडायला नको.

माझं काम तसं सोपं. मला आणि माझ्या जोडीदाराला पाण्यात बुडवायचं आणि आमच्यातलं व्होल्टेज वाचायचं. पाण्यात सुटं फ्लोराइड दसपट झालं की ते साधारण साठ मिलिव्होल्टने उतरतं. आधी माहितीच्या द्रावणांत मला बुडवून आलेखावर रेघ आखायची, मग अनोळखी पाण्याचा आकडा त्या रेघेवरून काढायचा.

आमच्या अंब्रिम बेटावर ज्वालामुखी धुमसतो. राख छपरावर पडते, पावसाबरोबर टाकीत उतरते आणि तिथून पोरांच्या पोटात जाते. फ्लोराइड फार झालं की लहान पोरांचे येणारे दात तपकिरी होतात. म्हणून दवाखान्यात मला आणलं. परिचारिका एल्सीबाई मला फार जपायच्या. प्रत्येक पाण्यात आधी बाटलीतलं बफर नावाचं द्रावण मिसळायच्या, कारण राखेतलं ॲल्युमिनियम फ्लोराइडला धरून बसतं आणि मला दिसतं ते फक्त सुटं. बफर ती पकड सोडवतं.

एल्सीबाई निवृत्त झाल्या आणि मासिंग आला. बफर बोटीने येतं, बोटीचा काही नेम नाही, म्हणून हा पठ्ठ्या ते जपून ठेवायला लागला. इतकं जपून, की वापरेचना! गावच्या टाकीचं पाणी त्याने तसंच माझ्यापुढे ठेवलं. मला दिसलं तेवढं मी सांगितलं: लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम. मर्यादा दीडची. झालं, टाकीवर ‘पिण्यास योग्य’ अशी पाटी लागली. दर वर्षी असंच मोजलं. पाटी लागली तेव्हा गावातल्या रोझिटाची लेक वेरोलिन दोन वर्षांची होती.

सहा वर्षांनी रोझिटा लेकीला ओढतच दवाखान्यात आली. मागे एल्सीबाई.

“बघ, बघ तुझं योग्य पाणी! पोरगी तोंडावर हात धरून हसते रे!”

“ताई, मी काय करू? हे यंत्रच म्हातारं झालंय. खोटं बोलतं.”

मी? मी खोटं बोलतो? अरे मेल्या, अर्धाच प्रश्न विचारलास आणि वर मलाच खोटारडा म्हणतोस?

“बफर घातलं होतंस?” एल्सीबाईंनी विचारलं.

“बोट आली नव्हती...”

“सहा वर्षं?”

कपाटात तीन बाटल्या निघाल्या, सीलसुद्धा न फोडलेल्या. बाईंनी टाकीच्या पाण्यात बफर मिसळलं आणि मला बुडवलं. तीन पूर्णांक एक दशांश मिलिग्रॅम.

टाकी त्याच दिवशी बंद झाली. रोझिटा आता डोंगराकडच्या झऱ्यावरून पाणी आणते, पाऊण तास चढून, आपल्या तान्ह्या पोरासाठी. त्याचे दात अजून यायचे आहेत. वेरोलिनचे आले ते आले.

मित्रांनो, मला मखमलीत ठेवू नका, पुसलं नाहीत तरी चालेल. पण पाणी नीट तयार न करता मला त्यात बुडवणार असाल, तर कृपा करून बुडवूच नका. “आम्हाला माहीत नाही” एवढीच पाटी टाकीवर लावा. ती वाचून निदान रोझिटाने पोरीला ते पाणी पाजलं नसतं.