फोनवरचा सिरीयस

मी सिरीयस बोलतोय. हसू नका, नावच आहे ते माझं. गेल्या मंगळवारी जे झालं त्यातून मी अजून सावरलेलो नाही. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून तोंड उघडतोय.

मी इंग्रजीतलं एक साधं विशेषण. 'गंभीर' हा माझा मराठीतला भाऊ, पण यवतमाळ जिल्ह्यात त्याला विचारतो कोण? मी मात्र घरोघरी. ज्यांनी कधी एबीसीडी गिरवली नाही त्या बायासुद्धा मला बिनचूक बोलतात. मास्तर म्हणतात, पोरगी अभ्यासात सिरीयस नाही. पानठेल्यावर कोणी रागावला की दुसरा म्हणतो, "सिरीयस काहून होतं बे, मजाक करून राह्यलो." असली हलकी कामं मला फार आवडायची.

माझं खरं घर म्हणजे दवाखाना. तिथे माझा अर्थ एवढाच, की जीव धोक्यात आहे, पण जीव आहे. याचा मला मोठा अभिमान होता.

मारेगावच्या घनश्यामने तो पहिल्यांदा उतरवला. अकरा वर्षांपूर्वी पहाटे त्याचे वडील वारले. थोरली बहीण वच्छलाबाई आर्णीला दिलेली. तिला फोन लावून तो म्हणाला, "बा सिरीयस हाये, लवकर ये." मी दचकलोच. म्हातारा तर समोर चादरीखाली होता! पण इकडे रीतच तशी आहे. मरण फोनवर सांगत नाहीत, मला पुढे करतात.

वच्छलाबाईने माझ्यावर विश्वास ठेवला. बापाला चावत नाही म्हणून मऊ खिचडी केली, डबा घेऊन दोन एसट्या बदलल्या आणि अंगणात बांधलेल्या तिरडीसमोर येऊन उभी राहिली.

"घन्या, मले खरं काहून नाही सांगितलं रे?"

"तू गाडीत एकटी होती. कोनं धीर देल्ला असता तुले?"

त्याची माया खोटी नव्हती. पण तिच्या हातातला तो डबा मी विसरलो नाही.

आता मंगळवारचं ऐका. सोमवारी वच्छलाबाईला छातीत दुखायला लागलं म्हणून तिच्या मुलाने, कपिलने, तिला यवतमाळच्या एका दवाखान्यात नेलं. मंगळवारी सकाळी आठ वाजता डॉक्टर त्याला म्हणाले, पेशंट सिरीयस आहे. शुद्धीत असलेली आई एकच विचारत होती, "घन्या आला काय?" पोराने घाबरून मामाला फोन लावला आणि मला जसंच्या तसं पुढे केलं. "मामा, आई सिरीयस हाये. लवकर या." तेवढ्यात नर्सने हाक मारली. फोन ठेवून तो आत पळाला; आई यवतमाळला दवाखान्यात आहे, हे सांगायचं राहूनच गेलं.

ओसरीवर घनश्यामने फोन बाजूला ठेवला. बायकोने विचारलं, काय झालं?

"वच्छी गेली."

"पण कपिल तर सिरीयस म्हणे ना?"

"मंग फोनवर दुसरं काय सांगन तो?"

मी ओरडत होतो. अरे, जिवंत आहे ती! या वेळी मी खराच आहे! पण शब्दाचा आवाज कोणाला ऐकू येतो? त्याने एकदा फोन लावून पाहिला. कपिल आत होता, फोन वाजून बंद झाला, आणि पुढच्या धावपळीत त्याने तो पाहिलाच नाही. "घरी गर्दी झाली असन," असं म्हणून घनश्यामने डोळे पुसले.

मग सगळं रीतीने झालं. माहेरची साडी अंगावर पडल्याशिवाय बाईला उचलत नाहीत, म्हणून दुकान उघडायची वाट पाहिली. हिरवी साडी घेतली. भाऊबंद गोळा केले, गाडी ठरवली. निघेपर्यंत बारा वाजले. यवतमाळात गाडी थांबलीसुद्धा नाही. ज्या रस्त्यावर तो दवाखाना आहे त्याच रस्त्याने ती सरळ आर्णीकडे गेली. खिडकीजवळ घनश्याम, मांडीवर साडी. आणि वर दुसऱ्या मजल्यावर त्याची बहीण दाराकडे बघत होती. 

आर्णीला घराला कुलूप. शेजारची नाहिद बाहेर आली आणि रडणारी माणसं पाहून बावचळली.

"दादा, भाभी तर यवतमाळले दवाखान्यात हाये. सकाळीच फोनवर बोलली माह्यासंग. म्हणे, माहा भाऊ येऊन राह्यला."

घनश्यामच्या हातातून साडी खाली पडली. 

नाहिदकडून दवाखान्याचा पत्ता घेऊन गाडी उलटी पळवली. चार वाजता तो जिना चढला. कपिल बाकावर बसला होता. "अर्धा घंटा झाला, मामा," तो म्हणाला. "लय वाट पाह्यली तिनं."

लोकहो, तुमची माया मला कळते. पण हात जोडून सांगतो, गेलेल्या माणसासाठी मला वापरू नका. जे अजून वाट पाहत असतात, त्यांच्यासाठी मला राहू द्या.

तिथेच बाकावर बसून घनश्यामने वणीच्या धाकट्या बहिणीला, बसंतीबाईला, फोन लावला. मी सवयीने त्याच्या जिभेवर येऊन उभा राहिलो. तो थांबला. त्याने मला गिळलं.

"बसंते," तो म्हणाला, "वच्छी गेली वं. सावकाश ये."