मामांच्या डोळ्याचा तळ

हनुवटी टेकवून, कपाळ पट्टीला लावून बसायचं, डोळे तपासायचं ते जुनंच यंत्र. त्यावर लेझर बसवायला दवाखान्यातल्या यंत्रदुरुस्तीवाल्या ताईला चौदा महिने लागले. एकाच वाटेनं दोन किरण सोडायचे होते: एक डोळ्याच्या पडद्याचं चित्र काढणारा, दुसरा सूज उतरावी म्हणून तिथंच ऊब देणारा. ऊब म्हणजे ऊबच, चटका नव्हे. अंड्याच्या पांढऱ्यावर तिनं शेकडो वेळा करून पाहिलं होतं. जरा गोठलं की पुन्हा पहिल्यापासून जुळवणी.

रीतसर परवानगी आली आणि पहिले पेशंट ठरले तिचे मामा. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेले, तिला स्क्रू-ड्रायव्हर धरायला शिकवणारे. उजव्या डोळ्याच्या पडद्याला वर्षभर सूज होती, इंजेक्शनांनी फरक पडला नव्हता.

"मामा, आधी दुसऱ्या कुणावर करू या का?"

"का गं? तुझी मामी हल्ली मला वाकडी दिसते. तिला सरळ करायचं काम माझ्याच्यानं झालं नाही, तू तरी कर."

शेजारी उभ्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई हसल्या आणि त्यांनी बाहुली मोठी करायचे थेंब टाकले. अर्ध्या तासानं ताईनं पहिला किरण सुरू केला.

स्क्रीन नारिंगी उजळली. एका फिकट गोल ठिपक्यातून शिरा फुटून चहूकडे पसरल्या होत्या, आणि त्यातली एक हलकेच उडत होती. सरावाच्या काचेच्या डोळ्यात असं काही नव्हतं. ताईचा हात जागच्या जागी थांबला.

"गप्प का? बिघाड झाला?"

"नाही मामा. तुमच्या काळजाचा ठोका दिसतोय मला. डोळ्यात."

शीर जरा भरभर उडायला लागली.

डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या किरणाचं, पायाखालचं बटण दाबलं. तापमानाचा आकडा थोडा चढला, ठरल्या जागी थांबला. डोळ्याच्या पडद्यावर डाग नाही, ओरखडा नाही. काही झालं असं वाटतच नव्हतं, आणि तेच तर हवं होतं.

सहा आठवड्यांनी सूज निम्म्यावर आली. तक्त्यावरच्या आणखी दोन ओळी मामांनी वाचल्या. मग ताईनं त्यांच्या उजव्या डोळ्याचं चित्र लावून त्यांना स्क्रीनसमोर बसवलं. डावा डोळा हातानं झाकून ते बराच वेळ बघत राहिले.

"ज्यानं बघतोय तोच का हा?" त्यांनी हळूच विचारलं.

"तोच."

बाहेर पुढचा पेशंट येऊन बसला होता. कुणीही त्यांना उठवायची घाई केली नाही.